एका मिनिटात, ‘स’पासून

डॉक्टरबाई ॲबर्डीनहून आल्या,
वाऱ्यात डुगडुगणाऱ्या छोट्या विमानाने.
म्हणाल्या, एर्लंड, ‘स’पासून सुरू होणारे शब्द सांगा,
सुचतील तेवढे. एक मिनिट.

एर्लंड म्हणाला, सील.
मग खिडकीकडे बघत राहिला.
खिडकीबाहेर समुद्र होता, सबंध समुद्र,
ज्याच्यावरून येणाऱ्या प्रत्येक बोटीचा दोर
स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर यानेच झेलला होता, पस्तीस वर्षं.
मी ओठ आवळून बसले,
पोराच्या परीक्षेला बाहेर बाकावर बसलेल्या आईसारखी.
चाळीस सेकंदांनी तो म्हणाला, साखर.
आणि पुन्हा, साखर.

हात गेले ते सगळ्यांना दिसलं.
दोर निसटला, पाण्यात पडला,
संध्याकाळी तीन घरांतून सूप आलं.
त्याच्या आधीच काहीतरी निसटलं होतं,
त्याचा आवाज झाला नाही.
त्याच्यासाठी कुणी सूप आणत नाही.

माझी बहीण रॅग्ना गेली तेव्हा
चर्चमध्ये, सगळे माना खाली घालून असताना,
तो मोठ्याने म्हणाला, नंतर कस्टर्ड आहे का?
जीभ तेव्हा साफ होती त्याची.
आता तोच प्रश्न बोटाने पाटीवर दाखवतो,
बरोबर चार वाजता, निळ्याच वाडग्यात,
पांढरा वाडगा चालत नाही.

जानेवारीत मी अंगणात बर्फावर घसरले.
तो दारात चाकाच्या खुर्चीत होता.
त्याने पाहिलं.
मनगट मोडल्याचा आवाज मला आला तर त्यालाही आला असेल.
मग तो हसू लागला, आणि हसणं थांबेना,
आणि थांबलं तेव्हा ते रडणं झालेलं होतं,
आणि त्या दोन्हींत मी कुठेच नव्हते.
हाच माणूस माझे बूट रात्री चुलीजवळ ठेवायचा,
न सांगता, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून.

लोक म्हणतात, केवढा धीराचा माणूस, थोरा,
एक तक्रार नाही.
श्वासाच्या यंत्राबद्दल विचारलं तर नुसती मान हलवली त्याने.
मी म्हणते, हो, धीराचा.
खरं म्हणजे त्याला फरक पडत नाही.
न पडणं आणि सोसणं
लांबून सारखंच दिसतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं,
कपाळामागचा भाग पेन्सिलीने गिरवला.
हे ते वागत नाहीत, म्हणाल्या, आजार वागतोय.
मला इतकं हलकं वाटलं की मी रडले.
घरी पोचेपर्यंत राग आला.
वेगळं कसं काढायचं, बाई?
दुधातून पाणी निवडणारे हंस, म्हणतात.
हंस इथे येतात, आइसलंडहून, हिवाळाभर,
शेकड्यांनी, शेतात चिखल तुडवत बसतात.
मी विचारून पाहिलं त्यांना.
ते गवत खातात.

काल साडेतीनलाच अंधार झाला.
त्याला झोप लागली होती, पाटी मांडीवर.
त्याचं लोकरी मोजं पायातून सुटलं होतं, ते चढवलं.
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत
स्वतःचीच परीक्षा घेतली.
सुई. सांज. सायलो. सरपण.
सासू, देव तिला शांती देवो.
सुरी, साबण, सवय,
सवय दोनदा, एक धरावा.
समुद्र, अर्थात.
मिनिट संपलं. नऊ.
डॉक्टरबाई म्हणाल्या असत्या, छान.

दूध उकळायला ठेवलं, चारला पाच कमी होती,
ढवळता ढवळता आठवला आणखी एक:
सोबत.

पण वेळ होऊन गेल्यावरचे
मोजत नाहीत.